सत्तावनचा राग

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याने काकासाहेब गाडगीळांना पाडले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातला हा मंत्री, काँग्रेसचा जुना, मुरलेला नेता. बरे, मुंबईसह मराठी भाषकांच्या एका राज्याच्या, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या, प्रश्नावर ते गप्प बसले होते असेही नाही. लोकसभेत त्यांनी महाराष्ट्राची बाजू सडेतोड मांडली होती. संसदेत न्याय मिळाला नाही तर हा प्रश्न मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता आणि त्यासाठी त्यांनी दिल्लीकरांची नाराजीही ओढवून घेतली होती. तरीही पुणेकरांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नानासाहेब गोऱ्यांना निवडून दिले. गाडगीळ जे बोलत होते ते पुणेकरांना पटत होते. ज्या पक्षाच्या तिकिटावर ते उभे होते, तो पक्ष मात्र त्या वर्षी पटत नव्हता.

पाचच वर्षांपूर्वीचे चित्र अगदी निराळे होते. १९५२ साली मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसच्या होत्या. मोरारजी देसाई स्वतः अवघ्या १९ मतांनी पडले, तरी पक्षाने त्यांनाच मुख्यमंत्री केले आणि कुणाला फारसे काही करता आले नाही, इतकी त्या पक्षाची मांड पक्की होती. गावोगावी काँग्रेस म्हणजे स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेली माणसे. अशा पक्षाला पश्चिम महाराष्ट्रातल्या मतदाराने पाच वर्षांत का झिडकारले, हे समजायचे तर महागाई किंवा भ्रष्टाचार शोधून भागणार नाही. या रागाचे मूळ दुसरीकडे होते.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात बाहेर आला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या या आयोगाने आंध्र, कर्नाटक, केरळ यांची भाषिक राज्ये मान्य केली. मराठी माणसाच्या वाट्याला मात्र गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि विदर्भ वेगळा काढला गेला. त्यावर ओरड झाली तेव्हा काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्य योजना पुढे केली: एक महाराष्ट्र, एक गुजरात आणि मुंबई शहर वेगळे. मराठी माणसाला हे पहिल्यापेक्षा जास्त झोंबले. गिरणीत राबायचे, गोदीत हमाली करायची, चाळीच्या एका खोलीत दहा जणांनी राहायचे आणि शहर तुमचे नाही असे ऐकून घ्यायचे, हे गिरणगावाला सहन होणे शक्य नव्हते.

२० नोव्हेंबर १९५५. रविवार होता. मुंबईत चौपाटीवर काँग्रेसची सभा भरली. व्यासपीठावर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील. लोकांना समजावून सांगण्याची ही वेळ होती. या दोघांनी समजावले नाही, बजावले. काँग्रेस जिवंत असेपर्यंत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा थाटाची ती भाषणे होती. पाटलांनी तर काळाची मर्यादा हजारो वर्षांत सांगितल्याचे पुढे घरोघर बोलले गेले. सभा उधळली गेली. जोडे आले, दगड आले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कामगारांनी संप केला. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण खाती रिकामी राहिली. लालबाग, परळ, गिरगावातून माणसे विधिमंडळाच्या दिशेने निघाली. फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी त्यांना अडवले. आधी अश्रुधूर, मग गोळीबार. त्या एका दिवशी १५ माणसे मेली. आज ज्याला हुतात्मा चौक म्हणतात ती जागा तीच. ज्या पक्षाने गोऱ्या साहेबाच्या गोळ्या छातीवर झेलल्याचा अभिमान लोकांना शिकवला, त्याच पक्षाच्या राजवटीत आपल्याच पोलिसांच्या गोळीने माणूस पडतो, ही गोष्ट कामगार वस्तीच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित राहील. ती रात्र आणि नंतरचा आठवडा मुंबईने जे पाहिले ते नोव्हेंबरहून भयंकर होते. पुन्हा गोळीबार, तोही दिवसामागून दिवस. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण गेलेल्यांचा आकडा १०५ असा लोकांच्या तोंडी बसला. पुढे त्या यादीत आणखी भर पडली. या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला आणि जुलैमध्ये लोकसभेत उभे राहून चौकशी न करणाऱ्या सरकारला जाब विचारला. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विश्वासात न घेता झाला, हीही त्यांची तक्रार होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मितभाषी, काटेकोर प्रशासक. असा माणूस पद सोडतो म्हटल्यावर हा केवळ गिरणी कामगारांचा दंगा आहे, असे म्हणण्याची सोय कुणाला उरली नाही.

महाराष्ट्रातल्या काँग्रेसजनांची अवस्था बिकट होती. मनाने बहुतेक सगळे संयुक्त महाराष्ट्राचे. पण पक्षशिस्त आडवी येत होती. राजीनामे द्यायचे की नाही यावर खल चालू असताना फलटणच्या बैठकीत यशवंतराव चव्हाणांनी आपली बाजू स्पष्ट केली: नेहरू की संयुक्त महाराष्ट्र असा पेच पडला तर आपण नेहरूंच्या बाजूने राहू. त्या काळात या भूमिकेबद्दल त्यांना मिळालेल्या शिव्यांना गणती नाही. हिशेब म्हणून ती भूमिका समजते. दिल्लीत बसून प्रश्न सोडवायचा तर दिल्लीचा विश्वास हवा, असे त्यांचे गणित होते आणि ते पुढे खरेही ठरले. पण ज्या घरातला माणूस फ्लोरा फाउंटनला पडला होता, त्या घराला हे गणित कोण कसे समजावणार?

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी सरचिटणीस झाले. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ, हिंदू महासभा: एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मागणीसाठी एका मांडवाखाली आले. ऑगस्टमध्ये संसदेने वेगळ्या मुंबईचा बेत सोडून गुजरात, मराठवाडा आणि विदर्भासह विशाल द्विभाषिक राज्य करायचे ठरवले. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. या तोडग्याने कुणीच सुखावले नाही. अहमदाबादेत त्याच ऑगस्टमध्ये काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ पेटली. राग मराठी माणसाचाच होता असे नाही. मोरारजींच्या स्वतःच्या प्रांतातही अनेकांनी काँग्रेसकडे पाठ फिरवली होती.

निवडणुकीला चार महिने उरले असताना, १५ नोव्हेंबर १९५६ ला, आचार्य अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ सुरू केला. अत्र्यांची भाषा सौम्य कधीच नव्हती. कितीदा तरी ती मर्यादा ओलांडून व्यक्तीच्या अंगावर जायची, आणि आज ते अग्रलेख वाचताना काही ठिकाणी अवघडायला होते. पण लोकांच्या पोटातला संताप छापील अक्षरांत उतरवण्याची ताकद त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हते तिथे शाहीर पोचले. अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाई. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराची गावी राहिलेल्या बायकोशी झालेली ताटातूट गायली आणि त्याच विरहात सीमेवरच्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांचे तुटणे गुंफले. राज्य पुनर्रचनेसारखा फायलीतला विषय कामगाराच्या घरातला विषय झाला तो अशा रचनांमुळे.

निकाल लागले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने शंभराहून अधिक जागा जिंकल्या. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कराडमधून अगदी काठावर निवडून आले. लोकसभेची यादी तर नीट वाचण्यासारखी आहे. मध्य मुंबईतून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे. साताऱ्यातून प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील. राजापुरातून समाजवादी बॅरिस्टर नाथ पै. नाशिकमधून बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आशर आणि धुळ्याकडून उत्तमराव पाटील, दोघेही जनसंघाचे. त्या लोकसभेत जनसंघाचे साऱ्या देशातून चारच खासदार होते, त्यांतले दोन या लाटेने दिलेले. कम्युनिस्टांना मत देणारा आणि जनसंघाला मत देणारा मतदार त्या वर्षी एकच गोष्ट सांगत होता. विचारसरणी त्याने बाजूला ठेवली होती. हातात असलेल्या एका मताने तो एकाच प्रश्नाचे उत्तर देत होता आणि ते उत्तर दिल्लीला ऐकू जाईल याची त्याने खबरदारी घेतली.

तरीही सरकार काँग्रेसचेच आले. ३९६ पैकी २३४ जागा तिच्याकडे राहिल्या, कारण विदर्भ आणि मराठवाड्याने तिला साथ दिली आणि धक्के खाऊनही गुजरातेत तिचे बळ टिकले. विदर्भाची मनःस्थिती वेगळी होती. तिथे स्वतंत्र विदर्भाची मागणी होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवरचे रक्त नागपूरला तितके जवळचे वाटत नव्हते. खुद्द मुंबईतही कौल एकसारखा नव्हता. दक्षिण मुंबईतून स. का. पाटील आणि उत्तर मुंबईतून कृष्ण मेनन विजयी झाले. पण महापालिका काँग्रेसच्या हातून गेली. म. वा. दोंदे महापौर झाले आणि त्यांच्यानंतर कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर त्या खुर्चीत बसले.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले. समितीने निदर्शने जाहीर केली. गावागावांतून माणसे वाईच्या वाटेला लागली. कुणी बैलगाडीने, कुणी पायी, भाकरी बांधून. पसरणीच्या घाटाच्या अंगाने, रस्त्याच्या कडेला काळे झेंडे घेतलेली गर्दी उभी होती आणि पंतप्रधानांची गाडी त्यामधून गेली. घोषणा झाल्या, पण हात उगारला गेला नाही. एस. एम. जोशींसारख्यांनी आंदोलनाला लावलेली शिस्त आणि यशवंतरावांनी पोलिसांना घातलेला आवर, दोन्हींमुळे तो दिवस रक्ताशिवाय पार पडला. नेहरूंवर महाराष्ट्राने मनापासून प्रेम केले होते. त्याच नेहरूंना शिवरायांच्या गडाकडे जाताना काळे झेंडे पाहावे लागले, याचा त्यांच्या मनावर परिणाम झाला असणारच.

पुढची दोन वर्षे यशवंतराव दिल्लीला हेच सांगत राहिले की द्विभाषिक राज्य मनाने जुळलेले नाही. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या आणि त्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगाव, कारवार म्हैसूरकडेच राहिले.

आणि मग १९६२. महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) १५, प्रजासमाजवाद्यांना ९, कम्युनिस्टांना ६. डांगे पडले. पुण्यात नानासाहेब गोरे पडले आणि त्यांच्या जागी काँग्रेसच्या तिकिटावर शंकरराव मोरे निवडून आले, जे एकेकाळी काँग्रेसमधून बाहेर पडून शेकाप काढणाऱ्यांत अग्रभागी होते. पाच वर्षांपूर्वीचा राग गेला कुठे, असे समितीच्या कार्यकर्त्यांना वाटले असेल. लोक विसरभोळे असतात, हे त्यावरचे सोपे उत्तर. ते खरे नाही. मतदाराने ५७ साली एक मागणी केली होती आणि ६० साली ती मिळाली. समितीतल्या पक्षांना एकत्र बांधणारे त्या मागणीखेरीज दुसरे काही नव्हते. राज्य मिळताच प्रजासमाजवादी आणि कम्युनिस्ट पुन्हा आपापल्या जुन्या भांडणांकडे वळले, समिती फुटली, आणि सरकार चालवण्याचा पर्याय मतदारासमोर उभा राहिलाच नाही.

यशवंतरावांनी मिळालेला वेळ वाया घालवला नाही. शेकापचे यशवंतराव मोहिते काँग्रेसमध्ये आले, इतर अनेक आले. या बेरजेच्या राजकारणावर टीका पुष्कळ झाली, आणि विरोधी पक्ष त्याने पोखरले गेले हे खरेच आहे. पण बेरीज केवळ माणसांची नव्हती. महार वतने रद्द झाली. धर्मांतरित बौद्धांना राज्यात सवलती मिळाल्या. १९६१ साली जमीनधारणेवर कमाल मर्यादेचा कायदा आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सहकारी साखर कारखान्यांभोवती ग्रामीण महाराष्ट्राचा नवा सत्ताधारी वर्ग तयार झाला. ज्या गावांनी वाईला काळे झेंडे नेले होते, त्यांच्यातलीच तरुण मुले आता पंचायत समितीत आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसू लागली.

१९६७ मध्ये देशभर काँग्रेसची पडझड झाली, एकामागून एक राज्ये तिच्या हातून निसटली. महाराष्ट्राने मात्र तिला विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा दिल्या. त्याच निवडणुकीत मध्य मुंबईने डांग्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले, पुण्याने एस. एम. जोशींना. आणि दक्षिण मुंबईत, जिथे ५७ च्या लाटेतही स. का. पाटील तगले होते, तिथे जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगार पुढाऱ्याने त्यांना हरवले. पाटलांना हरवता येते, हेच सांगत जॉर्जनी तो प्रचार केला होता. चौपाटीवरच्या त्या रविवारला तेव्हा अकरा वर्षे होऊन गेली होती.