राखेतून उभी राहणारी घरे : सक्ती की साहाय्य?

३० डिसेंबर २०२१. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाच्या झोतांनी माळावरची आग लुइसव्हिल आणि सुपीरियर या गावांत नेली. काही तासांत हजाराहून अधिक घरे भस्मसात झाली. ‘मार्शल फायर’ या नावाने ती ओळखली जाते.

त्यानंतरचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. आगीच्या काही महिने आधीच लुइसव्हिलने ऊर्जाबचतीची कडक बांधकाम-संहिता स्वीकारली होती. विम्याची रक्कम अपुरी, त्यात वाढीव खर्चाची धास्ती. आपद्ग्रस्तांनी विरोध केला आणि २०२२ मध्ये नगरपरिषदेने त्यांना जुन्या संहितेची मुभा दिली.

सक्ती मागे हटली तेथे साहाय्य पुढे आले. राज्याने कार्यक्षम घरांसाठी निधी दिला. एक्सेल एनर्जी या वीज कंपनीने ‘पॅसिव्ह हाउस’ प्रमाणित घरास ३७,५०० डॉलरपर्यंत परतावा देऊ केला. अशा घराचे भौतिकशास्त्र सरळ आहे : जाड उष्णतारोधक थर, उत्तम काचा, जवळजवळ शून्य फटी. त्यामुळे उष्णतेची गळती घटते, तशाच धूर व ठिणग्या शिरण्याच्या वाटाही.

भारतात ‘इको-निवास संहिता २०१८’ने थंड प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर प्रति चौरस मीटर १५ वॅट ही मर्यादा घातली. पूर-चक्रीवादळानंतर घरकुले बांधताना हा निकष निधीसह यावा. घर एकदाच बांधले जाते. त्यातला उकाडा मात्र पिढीभर सोसावा लागतो.