तीनशे रुपयांची भांडीकुंडी : नादारीच्या कायद्यात ऋणकोपाशी काय उरले

नादारीच्या कायद्यांचा विचार बहुधा धनकोंच्या बाजूने होतो. ऋणकोची मालमत्ता कशी ताब्यात घ्यावी आणि तिची विभागणी कोणत्या क्रमाने करावी, हे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. त्या विभागणीतून काय वगळले गेले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. वास्तविक स्वतःहून नादारीचा अर्ज करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तोच पहिला प्रश्न होय.

ब्रिटिश अमदानीत या विषयाचे दोन स्वतंत्र कायदे होते. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांसाठी १९०९ चा, आणि मोफसलासाठी १९०७ चा व त्याची जागा घेणारा १९२० चा. पाचशे रुपये कर्ज असलेला मनुष्य दोन्हींखाली अर्ज करू शकत असे. नादार ठरताच शहरात त्याची मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’ या अधिकाऱ्याकडे जाई, मोफसलात न्यायालयाकडे अथवा रिसीव्हरकडे. येथवर दोन्ही वाटा समांतर आहेत. पण ऋणकोला काय ठेवू द्यायचे, हे दोन कायद्यांनी अगदी निराळ्या तऱ्हेने ठरवले.

इलाखा शहरांच्या कायद्याच्या ५२ व्या कलमाने धंद्याची हत्यारे, आणि ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी व घरातील सामान वगळले. मात्र या सर्वांची मिळून किंमत तीनशे रुपयांहून अधिक नसावी, अशी अट घातली. हा आकडा कोठून आला? इंग्लंडच्या १८८३ च्या दिवाळखोरी कायद्यात अशाच सवलतीची मर्यादा वीस पौंड होती. १९०९ साली पौंडाचा भाव पंधरा रुपये होता. गुणाकार केला की बरोबर तीनशे येतात. हा योगायोग असावा असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. इंग्रजी कलमात हत्यारे, कपडे व अंथरूण एवढेच होते. स्वयंपाकाची भांडी आणि घरसामान येथे येताना जोडले गेले. यादी लांबली, पण रक्कम तीच राहिली! मसुदा करणाऱ्यांना हिंदुस्थानी संसारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे मोल ठाऊक होते. ते मोल पैशांत मोजताना मात्र त्यांनी लंडनचेच माप वापरले.

मोफसलाच्या कायद्याने रक्कम घातलीच नाही. दिवाणी व्यवहार संहितेनुसार जी वस्तू जप्त होऊ शकत नाही ती नादाराच्या मालमत्तेतही गणू नये, एवढेच त्याने म्हटले. १९०८ च्या संहितेचे ६० वे कलम वस्तूंच्या प्रकारांवर आधारलेले आहे: कपडे, भांडी, बिछाने, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, आणि न्यायालयाच्या मते उपजीविकेस आवश्यक ती गुरे व बियाणे, शेतकरी स्वतः राहत असलेले घर. ऋणकोला अर्जातच आपल्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागे आणि अशा वस्तू सोडून बाकी सर्व न्यायालयाच्या हवाली करण्यास आपण राजी आहोत, असे लिहून द्यावे लागे. हिशेबाच्या वह्या मात्र संहितेने जप्तीतून वगळल्या असल्या, तरी नादाराला त्या दडवता येत नसत.

शेतकऱ्याविषयीच्या या दृष्टीमागे महाराष्ट्राचा अनुभव आहे. १८७५ साली सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. खास गहाण न टाकलेली शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही, असे त्याने ठरवले. कुटुंबाच्या निर्वाहास लागणारी जमीन सोडून उरलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याने फार तर सात वर्षे ताब्यात ठेवून कर्ज फेडावे, अशी त्यात तरतूद होती. पन्नास रुपये कर्ज असलेल्या शेतकऱ्यालाही त्याखाली नादारीचा अर्ज करता येई. येथे कसोटी वस्तूच्या किमतीची नव्हती. माणूस पुन्हा उभा राहील की नाही, याची होती.

एकत्र कुटुंबाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. बाप नादार ठरला म्हणून मुलांचा हिस्सा आपोआप असायनीकडे जात नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये ठरवले; परंतु कर्ज फेडण्यासाठी तो हिस्सा विकण्याचा बापाचा अधिकार काही मर्यादेत त्याच्या कर्जांसाठी वापरता येतो, हे शिल्लकच राहिले. मोफसलाच्या कायद्यात १९४८ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट झाले.

पुढे प्रकारांची यादी वाढत गेली. १९७६ मध्ये मजूर व घरकामगार यांच्या राहत्या घरांनाही संहितेचे संरक्षण मिळाले. केंद्रीय कायद्याच्या मूळ पाठातील तीनशे रुपये मात्र जागचे हलले नाहीत. १९०९ साली त्या रकमेत कारागिराची हत्यारे आणि बेताचा संसार मावत असेल; शतकानंतर एक शिवणयंत्रही त्यात बसणे अवघड.

२०१६ च्या संहितेने पुन्हा प्रकारांकडे वळण घेतले: बोजा नसलेली हत्यारे, पुस्तके, वाहने, घरातील आवश्यक सामान, आयुर्विमा, निवृत्तिवेतन योजना. सोबत आकडेही आले. २०१९ च्या नियमांनी दागिन्यांस एक लाख, आणि राहत्या एका घरास शहरात वीस लाख व ग्रामीण भागात दहा लाख रुपयांची मर्यादा घातली. घर गहाण असेल तर तेवढेही संरक्षण नाही. १ डिसेंबर २०१९ रोजी हा भाग अमलात आला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. कंपनीच्या कर्जाशी संबंध नसलेल्या शहरी ऋणकोपुढे त्या दिवशीही १९०९ चाच कायदा होता.