पंचहौद-ग्रामण्याचा पुनर्विचार

(१)

पुण्याच्या अर्वाचीन इतिहासांत पंचहौद मिशनच्या चहाचें प्रकरण इतकें प्रसिद्ध आहे, कीं त्यावर नवीन कांहीं लिहिण्याजोगें उरलें असेल, असें सहसा कोणास वाटत नाहीं. इ. स. १८९० च्या ऑक्टोबरांत गुरुवार पेठेंतील मिशनच्या वास्तूंत एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ जमले. तेथें त्यांच्यापुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणीं तीं घेतलीं, कोणीं शिष्टाचारापुरता पेल्यास हात लावून तो खालीं ठेविला. पुढें त्यांचीं नांवें छापून आलीं आणि दोन वर्षें चालणारें ग्रामण्य उभें राहिलें, एवढी हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तिची मांडणी मात्र बहुधा एका ठराविक रीतीनें होते. एका बाजूस सुधारक, दुसऱ्या बाजूस सनातनी. सुधारकांचें पुढारपण न्यायमूर्ति रानड्यांकडे आणि सनातन्यांचें नारायण पेठेंतील केसरीच्या वाड्याकडे. साधनें बारकाईनें पाहिलीं असतां ही मांडणी टिकत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. तें सकारण मांडावें, आणि या प्रकरणाचे जे अस्सल कागद अद्यापि जुन्या घरांतून पडून असण्याचा संभव आहे त्यांकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक कालविपर्यास दूर करूं. नारायण पेठेंतील गायकवाड वाडा टिळकांनीं घेतला तो इ. स. १९०५ सालीं, म्हणजे चहाच्या प्रकरणानंतर पंधरा वर्षांनीं. त्या वाड्याला पुढें जें माहात्म्य आलें त्याची छाया मागील काळावर पाडून १८९० चे पक्ष ठरविणें युक्त नव्हे. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं ज्यांच्यावर त्या वेळीं ग्रामण्याचा आरोप आला त्यांत रानडे होते तसेच टिळकहि होते. वादी कोण व प्रतिवादी कोण हें पाहूं जातां सुधारक व सनातनी अशी सरळ वांटणी येथें होतच नाहीं.

(२)

ग्रामण्य म्हणजे ज्ञातीनें किंवा गांवानें एखाद्या कुटुंबाशीं अथवा समूहाशीं अन्नोदकव्यवहार बंद करणें, व त्यावरून उठणारा वाद. पेशवाईच्या दप्तरांत हा शब्द वारंवार येतो. ज्या नारायणरावांच्या नांवानें थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत ही पेठ वसली, त्यांच्याच अल्प अमदानींत प्रभु ज्ञातीच्या वेदोक्ताचें ग्रामण्य जोरावलें, आणि प्रभूंकडून नऊ कलमांचा करार लिहून घेण्यांत आला. वाद धर्मशास्त्राचा असला, तरी त्याचा निकाल अंमलांत आणणारा हात सरकारचा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शास्त्री व्यवस्था देत, आणि तिच्यामागें हुजुरांतील हुकूम उभा असे.

इ. स. १८१८ त हें राज्य गेलें, आणि १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमान्वयें मुंबई इलाख्यांतील दिवाणी न्यायालयांनीं जातिविषयक प्रश्नांत हात घालूं नये असें ठरलें. त्याचा परिणाम दुहेरी झाला. ज्ञातीचा व धर्मपीठाचा अधिकार शाबूत राहिला, पण त्याच्या पाठीशीं असलेलें राजदंडाचें बळ नाहींसें झालें. तेव्हांपासून बहिष्काराचीं साधनें उरलीं तीं इतकींच : पंगतींतील पान, विहिरीचें पाणी, सोयरीक, आणि घरच्या भिक्षुकाचें येणें. पुढील सर्व प्रकरण समजण्यास ही किल्ली आहे.

(३)

या नव्या स्थितींतील पहिला मोठा सामना विधवाविवाहाचा होय. इ. स. १८६९ च्या जूनांत मुंबईस पुनर्विवाह झाला, व शंकराचार्यांकडून बहिष्काराची आज्ञा निघाली. तिच्या तडाख्यांत विष्णुशास्त्री पंडित व रानडे हेहि सांपडले. पुढील वर्षीं पुण्यास शंकराचार्यांच्या अध्यक्षतेखालीं शास्त्रार्थ झाला. पराशरस्मृतींतील पांच आपत्तींचा जो प्रसिद्ध श्लोक, त्याच्या अर्थावर व कलियुगांतील त्याच्या प्रामाण्यावर दोन्ही पक्षांनीं दिवसचे दिवस वाद केला. आणि निर्णय पुनर्विवाहपक्षाच्या विरुद्ध गेला.

येथें जय-पराजयापेक्षां वादाची जागा अधिक लक्षांत घेण्याजोगी आहे. पुनर्विवाहाचे कैवारी स्मृतीचा अधिकार अमान्य करीत नव्हते. आचार्यांच्या समोर उभें राहण्यास त्यांनीं नकार दिला नाहीं. स्मृति तीच, निबंध तेच, मीमांसेचे न्याय तेच. भेद होता तो अर्थनिर्णयाचा. हें भांडण एकाच घरांतील होतें, व एकाच भाषेंत चाललें होतें, म्हणूनच तें इतकें कडू झालें. परक्याशीं वाद असता, तर पंगत मोडण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

(४)

आतां १८९० कडे वळूं. चहाच्या प्रसंगाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे पति. हे गृहस्थ स्वभावानें विक्षिप्त. सुधारक व सनातनी या उभयतांस खिजविण्यांत त्यांना आनंद वाटे. मिशनमध्यें कोण कोण आले होते त्यांचीं नांवें 'पुणें-वैभव' पत्रांत प्रसिद्ध झालीं, आणि मग सरदार बाळासाहेब नातूप्रभृति मंडळींनीं हें प्रकरण शंकराचार्यांकडे नेलें. आचार्यांनीं चौकशीसाठीं शास्त्र्यांची नेमणूक केली.

धर्मशास्त्राच्या दृष्टीनें आरोप फारसा भारी नव्हता. परधर्मीयाच्या हातचें पेय घेण्याचा दोष, तोहि बुद्धिपूर्वक कीं अबुद्धिपूर्वक, एकवार कीं वारंवार, इत्यादि भेद करून प्रायश्चित्ताचें मान ठरविण्याची रीति निबंधग्रंथांतून दिलेली आहे. कृच्छ्राच्या जागीं गोदान, व गाईच्या जागीं तिचें मूल्य, असे प्रत्याम्नायहि सांगितलेले आहेत. मग एवढें वादळ कां उठलें?

आमच्या मतें याचें उत्तर शास्त्रांतीलच एका भेदांत सांपडतें. प्रायश्चित्तें दोन प्रकारचीं : रहस्य व प्रकाश. जें पातक कर्त्यावांचून इतरांस विदित नाहीं त्याचें प्रायश्चित्त त्यानें एकांतांत, स्वतःच्या विवेकानें करावें. जें लोकविदित झालें त्यासाठीं परिषदेपुढें उभें राहून तिच्या आज्ञेनें तें घ्यावें. हा भेद करणाऱ्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढें लोकविदित होण्याची जी कल्पना होती ती गांवाची, आळीची, फार तर क्षेत्राची. छापखाना त्यांनीं पाहिला नव्हता. १८९० पूर्वीं पुण्यांत कोणीं साहेबाच्या घरीं चहा घेतलाच नसेल असें मानण्याइतके आपण भोळे नाहीं. पण तो सर्व व्यवहार रहस्याच्या कोटींत राहत असे; शेजारी जाणूनहि अजाण राहत. वर्तमानपत्रांतील एका यादीनें तो एका दिवसांत प्रकाशाच्या कोटींत ओढला. यादी छापल्यावर न पाहिल्याचें सोंग कोणासच घेतां येईना, आरोपींस नाहीं व नातूंसहि नाहीं. अर्थात् ग्रामण्य पेटलें तें चहानें नव्हे, प्रसिद्धीनें. आणि राजदंडाचें जें बळ १८१८ त गेलें होतें त्याची जागा भरून काढणारी नवी शक्ति कोणती, हें त्या दिवशीं प्रथम उघड झालें.

(५)

आरोपींच्या वर्तनावरून पक्षांची ठराविक विभागणी अधिकच ढासळते. टिळकांनीं शास्त्र्यांचा अधिकार धुडकाविला नाहीं. शास्त्राच्याच आधारें दोषाचें लाघव प्रतिपादिलें, आणि काशीस आपण प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढें केला. तरीहि घरच्या धर्मकृत्यांस भिक्षुक मिळण्याची त्यांना अडचण पडलीच. ज्यांस आज सनातन्यांचे धुरीण म्हणतात, त्यांच्या घरीं सनातनी भिक्षुक येईना, ही गोष्ट पुष्कळ सांगून जाते.

रानड्यांचें वर्तन याच्या उलट दिसतें. ज्यांनीं ठाम उभें राहावें अशी सुधारकांची अपेक्षा, त्यांनींच १८९२ त प्रायश्चित्त घेतलें. त्याचें जवळून लिहिलेलें वर्णन रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत, १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, दिलें आहे. लोणावळ्यास असतां एका स्नेह्यानें येऊन घरची अडचण सांगितली, आणि मित्रांचा त्रास चुकावा म्हणून रानड्यांनीं हें पाऊल उचललें. त्यामुळें बाईंस स्वतःस फार वाईट वाटलें. रानड्यांस त्यांच्याच पक्षांतील कित्येकांनीं दोष दिला. १८७३ सालींहि, प्रथम पत्नी निवर्तल्यावर विधवेशीं विवाह न करितां वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनीं अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लग्न केलें होतें, याची आठवण तेव्हां अनेकांस झाली असेल.

यास दुर्बलता म्हणावें कीं करुणा, हा निर्णय वाचकांनीं आपापल्या ठिकाणीं करावा. इतिहासकारानें पाहावयाचें तें हें, कीं बहिष्काराचा भार कोणाच्या शिरावर पडत होता. न्यायमूर्तींचा दर्जा त्यामुळें उतरत नव्हता. भार पडत होता तो सासरीं अडकून पडलेल्या लेकीवर, श्राद्धपक्षास ब्राह्मण मिळेना म्हणून कष्टी होणाऱ्या वृद्ध मातापितरांवर, उपवर मुलीच्या बापावर. आणि ज्याचें अन्न यजमानाच्या दक्षिणेवर, त्या भिक्षुकावर. यजमानाकडे गेला तर ज्ञातीचा रोष, न गेला तर चूल बंद. दोन्ही पक्षांचे लेख आपणांस उपलब्ध आहेत; या लोकांची बाजू मात्र रमाबाईंच्या थोड्या पृष्ठांखेरीज छापील वाङ्मयांत जवळजवळ कोठेंच येत नाहीं.

(६)

याच काळांत संमतिवयाचा वाद चालला होता, हेंहि विसरतां कामा नये. १८९१ च्या मार्चांत तो कायदा होऊन वयाची मर्यादा दहांवरून बारांवर गेली. गर्भाधानाच्या कालाविषयीं गृह्यसूत्रें व स्मृति काय सांगतात यावर डॉ. रामकृष्णपंत भांडारकर व टिळक यांच्यामध्यें जो वाद झाला, तो आम्हां संस्कृत शिकलेल्यांस आजहि वाचनीय वाटतो. उभयतांच्या हातीं ग्रंथ तेच होते. आणि या विरोधाच्या पूर्वींच, १८९० सालीं, टिळकांनीं सुधारकांपुढें सूचना मांडली होती, कीं मुलींचें लग्न सोळा वर्षांपूर्वीं व मुलांचें वीस वर्षांपूर्वीं करणार नाहीं अशी प्रतिज्ञा सुधारणेच्या कैवाऱ्यांनीं स्वतः करावी. वयाच्या बाबतींत ही मर्यादा सरकारी कायद्याच्या पुष्कळ पुढें होती. विरोध होता तो परसत्तेच्या हातानें सुधारणा लादण्यास.

विधवाविवाह, चहा व संमतिवय हीं तिन्ही प्रकरणें शेजारीं ठेविलीं म्हणजे वादाचें खरें मर्म स्पष्ट होतें. सुधारणा हवी कीं नको, हा प्रश्न वरवरचा होता. खालचा प्रश्न असा, कीं निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा : पीठाचा, परिषदेचा, विधिमंडळाचा, वर्तमानपत्राचा, कीं ज्याच्या त्याच्या विवेकाचा? या प्रश्नाचें एकच उत्तर सर्व प्रसंगीं देणारा मनुष्य त्या पिढींत विरळा. म्हणून त्या काळाची भेदरेषा दोन गटांमधून काढण्याऐवजीं प्रत्येक माणसाच्या आंतून काढणें, हेंच साधनांस धरून होईल.

(७)

हें सर्व विवेचन पुढारी पुरुषांच्या लेखनावर व एका गृहिणीच्या आठवणींवर उभें आहे, आणि हाच त्याचा उणेपणा. तो भरून काढणें या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातीं आहे. ग्रामण्याचा खरा पुरावा छापील अग्रलेखांत नसून घरगुती कागदांत असतो : शुद्धिपत्रें, मठाकडील आज्ञापत्रें, प्रायश्चित्ताच्या खर्चाचे आकडे, मुंजी-लग्नांच्या आमंत्रणांच्या याद्या व त्यांतून खोडलेलीं नांवें, आणि विशेषतः भिक्षुकांच्या दक्षिणेच्या वह्या. १८९० ते १८९२ या वर्षांत कोणत्या यजमानाचें नांव एका उपाध्यायाच्या वहींतून नाहींसें होतें व दुसऱ्याच्या वहींत उगवतें, एवढें जरी जुळवितां आलें, तरी बहिष्कार किती चालला व कोठें मोडला हें शंभर अग्रलेखांहून अधिक खात्रीनें सांगतां येईल.

नारायण पेठ, शनिवार पेठ व सदाशिव पेठ येथील जुन्या घरांत असे कागद होते व कांहीं अद्यापि असावेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी नारायण पेठेंत शिरलें, तेव्हां तळघरांतील व तळमजल्यावरील किती बाडें चिखल झालीं असतील याची मोजदाद नाहीं. जीं माळ्यावर होतीं म्हणून वांचलीं, त्यांवर आतां दुसरें संकट आहे : वाडे पाडून त्या जागीं सदनिकांच्या इमारती उठत आहेत, आणि पोथ्या असल्या तर निदान कोणी विचारतो, पण दक्षिणेची वही रद्दींत जाते.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं सुवाच्य पोथी व मोहोरबंद सनद यांबरोबर हीं क्षुद्र वाटणारीं बाडेंहि उचलावींत. रुमाल सोडून सुटे कागद वेगळे करूं नयेत, कारण कागदाची साक्ष पुष्कळदां त्याच्या शेजारच्या कागदावर अवलंबून असते. कोणत्या घरांतून काय मिळालें याचें टिपण त्याच दिवशीं करावें. आणि ज्या कुटुंबाचे कागद, त्याच्या अब्रूस जपावें. पूर्वजांचा चहा आज कोणास लाजिरवाणा वाटणार नाहीं. पण त्यापायीं ज्यांनीं पंगतीबाहेर बसून दिवस काढले, त्यांची नोंद त्यांच्याच घरच्या कागदांत आहे. हे कागद गेले, तर या ग्रामण्याचा इतिहास पुढाऱ्यांच्या वादापुरताच उरेल.