अल्फावरचा शेवटचा कर्नेल

२०२४ च्या पावसाळ्यात मी एका जुन्या यंत्रासाठी लिनक्सचा कर्नेल बांधायला घेतला. यंत्र ‘डिजिटल’ कंपनीचे, नव्वदच्या दशकाच्या मध्यातले अल्फास्टेशन २००. पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडून ते मी बऱ्याच वर्षांपूर्वी किलोच्या भावाने आणले होते. घरात त्याचे नाव ‘पेटी’.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, स्मृतीतली जागा कोणाला, डिस्कशी कोण बोलणार, हे तो ठरवतो. नव्या संगणकाला तो तयार मिळतो. जुन्याला मात्र अंगाचे माप घेऊन शिवावा लागतो. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळे तसा तो शिवताही येतो.

या यंत्राचे लिनक्सशी नाते साधे नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाची वार्ता दिली, तेव्हाच हे काम दुसऱ्या यंत्रांवर नेण्याजोगे नाही असेही सांगून टाकले होते. तो विनय नव्हता. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याची त्याची सारी युक्ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर बेतलेली होती. मे १९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘डिजिटल’च्या ग्राहकांचे संमेलन भरले. तिथे कंपनीतल्या जॉन हॉल यांनी लिनक्स पाहिले आणि लिनसला एक अल्फा यंत्र मिळवून देण्याची खटपट केली. (हॉल यांना सगळे ‘मॅडडॉग’ म्हणतात, त्यांनाही ते आवडते.) अल्फा होता ६४ बिटांचा, त्या काळचा अत्यंत वेगवान प्रोसेसर. त्यावर ३८६ ची युक्ती चालणार नव्हती. मग कर्नेलची फाळणी करावी लागली : सर्व यंत्रांना समान असलेला भाग एकीकडे, प्रत्येक यंत्राचे खास कलम दुसरीकडे. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फाबरोबर स्पार्क आणि मिप्स ही घराणीही आली. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये चालणारा कर्नेल याच फाळणीवर उभा आहे. माझ्या मते लिनक्सचा दुसरा जन्म तो हाच, आणि पहिल्याइतका तो लिहिला गेलेला नाही.

पण अल्फाला एक खोड होती. सुरुवातीच्या अल्फाला स्मृतीतला एकच बाइट लिहिता येत नसे. चार किंवा आठ बाइट एकदम उचलायचे, त्यातला एक बदलायचा आणि सगळे परत ठेवायचे. समजा, एका सातबाऱ्यावर आठ भावांची नावे आहेत. एकाच्या नावात दुरुस्ती करायची, तर तलाठ्याने सगळा उतारा घरी न्यायचा आणि नवा लिहून जागेवर ठेवायचा. मधल्या वेळात दुसऱ्या कारकुनाने शेजारचे नाव दुरुस्त केले असेल, तर ती दुरुस्ती पुसली गेली. वेगासाठी केलेली ही काटकसर १९९६ च्या सुमारास ‘डिजिटल’ने नव्या चिपमध्ये सुधारली. जुन्या चिपा मात्र तशाच राहिल्या, आणि त्यांच्यासाठी जगभरच्या कर्नेल लेखकांना हे भान पुढची अनेक वर्षे बाळगावे लागले.

२०२४ च्या मे महिन्यात आर्न्ड बर्गमन यांनी या सर्वांत जुन्या अल्फांचा आधार काढण्याचे बदल पुढे नेले. जुलैत आलेल्या ६.१० या आवृत्तीत तो उरला नाही. लिनक्सची जन्मभूमी असलेला ३८६ तर २०१२ च्या डिसेंबरातच गेला होता. मला वाईट वाटले, रागही आला. मग मी स्वतःलाच विचारले : गेल्या दहा वर्षांत या पेटीवर एक तरी नवा कर्नेल चढवून ‘चालतो’ एवढे तरी मी कोणाला कळवले का? नाही. पेटीवर चादर टाकून मी तिचा अभिमान बाळगत होतो. बर्गमन यांचे बरोबरच होते.

म्हणून ६.९ घेतला; या पेटीला चालेल असा शेवटचा. पेटीवर बांधायला घेतला असता तर दिवस गेले असते, म्हणून अल्फाची भाषा बोलणारा कंपायलर लॅपटॉपवर घातला. पर्यायांच्या जंगलातून ‘अवंती’ ही यंत्रजात निवडली आणि ध्वनी, नवी जाळी, यूएसबी, सगळे छाटले. पहिल्या खेपेला पडदा कोराच राहिला. सिरियल वायर जोडून संदेश लॅपटॉपवर वळवले, तेव्हा कळले की कर्नेल जिवंत होता, मुका नव्हता. मीच त्याला बोलायची जागा सांगितली नव्हती. दुसऱ्या खेपेला तो भराभर बोलत गेला आणि शेवटी मूळ डिस्क सापडत नाही म्हणून कोसळला. चूक जुनीच : स्कझी डिस्कचा चालक मी सुटा ठेवला होता, आणि तो होता त्या डिस्कवरच. कुलूप लावून किल्ली आत ठेवण्याचा प्रकार. चालक कर्नेलच्या पोटात घेतला, पुन्हा बांधला.

तिसऱ्या खेपेला, रात्री अकराच्या पुढे, आज्ञेची वाट पाहणारे चिन्ह उमटले. मी आवृत्ती विचारली. पेटीने ६.९ आणि अल्फा असे उत्तर दिले. घड्याळाची बॅटरी केव्हाच संपलेली, त्यामुळे तारीख मात्र तिने भलतीच सांगितली. ती मी हाताने नीट केली.