आमेन

पाळकांची प्रार्थना संपली की बाकांवरून एका सुरात ‘आमेन’ येतं. ‘तथास्तु’ हा अर्थ मला अपुरा वाटतो. मूळ हिब्रू धातू ‘अ-म-न’ : पक्कं असणं, आधार देणं. मूल सांभाळणारी दाई ‘ओमेनेत’, तीही याच धातूची. आमेन म्हणणारा त्या मुलासारखा आपला सगळा भार देवावर टाकतो. कर्तबगारीचा ताठा तिथे टिकत नाही. येशू मात्र बोलण्याच्या आरंभीच आमेन म्हणतो. मराठी बायबलात तिथे ‘खचीत’ आहे. याच धातूच्या अरबी शाखेतून आपल्याकडे ‘इमान’ आणि ‘अमानत’ आले. ‘अमानत’ची अक्षरं उलटसुलट होऊन ‘अनामत’ झालं. आज निवडणुकीत अनामत जप्त होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणा आजाऱ्यासाठी प्रार्थना आली की खाली आमेनांची रांग लागते.