एक पक्षी की दोन? लाल छातीच्या माशीमाराची गोष्ट

पावसाळा सरतो, कडुनिंबाच्या फांद्यांवर किडे घोंघावू लागतात आणि सोलापूरच्या आमरायांत, बागांत, जुन्या शाळांच्या आवारांत एक लहानसा पाहुणा दाखल होतो. चिमणीहून लहान, वजन जेमतेम दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेइतके. पाठ तपकिरी, पोट पांढरट. फांदीवर बसला की पंख किंचित खाली सोडतो आणि शेपटी झटक्याने वर उचलतो. त्या वेळी काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे चमकतात. एखादा किडा दिसला की झेप घेऊन त्याला टिपतो आणि पुन्हा एखाद्या फांदीवर येऊन बसतो. हा लाल छातीचा माशीमार.

नावात लाल छाती असली तरी आपल्याला दिसणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची छाती लाल नसते. माद्यांना हा रंग नसतोच, आणि नराच्या पिल्लांनाही पहिल्या वर्षी तो येत नाही. नाव आणि प्रत्यक्ष पक्षी यांचा असा मेळ बसत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवू. पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

आफ्रिकेला न जाणारा युरोपीय

हा पक्षी पूर्व व मध्य युरोपापासून उरल पर्वतापलीकडे पश्चिम सायबेरियापर्यंतच्या जंगलांत मे-जूनमध्ये घरटे करतो. त्याचे भाऊबंद असलेले युरोपातले इतर माशीमार हिवाळ्यात दक्षिणेला, आफ्रिकेत जातात. हा मात्र आग्नेयेकडे वळतो आणि भारतीय उपखंडात उतरतो. पोलंडमध्ये जन्मलेल्या पिल्लाला सोलापूर गाठायचे तर सरळ रेषेत सुमारे ६,००० किलोमीटर उडावे लागेल. हा प्रवास मुख्यतः रात्री होतो आणि पिल्लांना वाट दाखवायला आईबाप बरोबर नसतात. लहान पक्ष्यांत प्रवासाची दिशा बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. या माशीमाराचे पूर्वज पूर्वेकडून युरोपात पसरले असावेत आणि त्यांचे वंशज हिवाळ्यात जुन्याच दिशेने परततात, असे अनुमान केले जाते.

नावांचा इतिहास

या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते योहान बेखश्टाइन या जर्मन निसर्गतज्ज्ञाने, १७९२ साली. बेखश्टाइन काही वर्षे शाळेत शिक्षक होता, हे आपल्या वाचकांना आवडावे. ‘पार्व्हा’ म्हणजे लहान, एवढेच त्या नावात आहे. पुढे पीटर पालास याच्या १८११ सालच्या ग्रंथात सायबेरियातल्या तशाच एका पक्ष्याचे वर्णन आले. त्याचे नाव ‘अल्बिसिला’, म्हणजे पांढऱ्या शेपटीचा.

आपल्याकडे दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ साली प्रसिद्ध केली. एका तपकिरी माशीमाराला त्याने पुण्याच्या नावावरून ‘पूनेन्सिस’ असे नाव दिले होते. त्यानंतर ॲलन ह्यूम याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवून देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी छापल्या. डेव्हिडसन आणि वेन्डन यांची दख्खनची यादी त्यातच १८७८ साली आली. ह्यूमने एका मोठ्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षे टिपणे जमवली होती. १८८४ च्या सुमारास सिमल्याच्या घरातून ती चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. ग्रंथ झालाच नाही. त्याने जमवलेली पक्ष्यांची हजारो कातडी मात्र १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाली.

ओट्सने १८९० साली भारतातील पक्ष्यांवरचा आपला खंड लिहिला. त्यात ‘पार्व्हा’ आणि ‘अल्बिसिला’ या दोन वेगळ्या जाती धरल्या होत्या. स्टुअर्ट बेकरने १९२४ च्या आवृत्तीत त्या एकाच जातीच्या उपजाती केल्या. तेव्हाची विचारसरणीच तशी होती. शेजारच्या प्रदेशांत राहणारे आणि एकमेकांसारखे दिसणारे पक्षी एका जातीत घालण्याकडे कल होता. सालिम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडी ग्रंथातही (१९६८–७४) हीच मांडणी राहिली. मग २००५ साली स्वेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसारा, आवाज आणि डीएनए यांचा पुरावा एकत्र मांडून दोन्ही पुन्हा वेगळ्या केल्या. सायबेरियातला तो आता तैगा माशीमार. तो हिवाळ्यात मुख्यतः पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात असतो.

म्हणजे दोनाचा एक झाला आणि एकाचे पुन्हा दोन झाले. पक्षी होता तिथेच होता. बदलली ती आपली समजूत.

दोन वह्या

समजूत बदलते तेव्हा जुन्या नोंदींचे काय होते? काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला आपल्या विद्यार्थ्यांच्या १९८० च्या दशकातल्या निरीक्षणवह्या दाखवल्या. एका मुलाने लिहिले होते : ‘लाल छातीचा माशीमार, १, शाळेमागची आमराई.’ नाव तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. गुरुजींनी त्याला शाबासकीही दिली होती.

दुसऱ्या वहीतल्या मुलीला पक्षी ओळखताच आला नव्हता. तिने तारखेसह लिहिले होते : ‘१४ जानेवारी. चिमणीपेक्षा लहान. शेपटी सारखी वर करतो. शेपटी काळी, बुडाशी पांढरे. गळा आणि छातीचा वरचा भाग नारिंगी. चोच खालून फिकट. नाव माहीत नाही.’

आज उपयोगी पडते ती दुसरी नोंद. तैगा माशीमाराच्या नराचा गळ्याचा लाल रंग हिवाळ्यात नाहीसा होतो आणि वसंतात परत येतो. लाल छातीच्या प्रौढ नराचा रंग बारा महिने टिकतो आणि गळ्याखाली छातीवर उतरतो. तैगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी असते, तर याची खालची चोच बुडाशी फिकट असते. म्हणजे जानेवारीची तारीख, नारिंगीचा विस्तार आणि चोचीचा रंग या तीन गोष्टींवरून त्या मुलीचा पक्षी लाल छातीचाच होता, हे आज सांगता येते. पहिल्या नोंदीविषयी सोलापूरचे स्थान पाहून तर्क करता येतो, खात्री देता येत नाही. ज्या मुलाला उत्तर येत होते त्याची नोंद दोन जातींच्या मध्ये लटकली आहे. जिला उत्तर येत नव्हते तिची नोंद टिकली.

आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या वह्या आम्ही त्यानंतर काढून पाहिल्या. त्यांत नावेच नावे होती. ती वाचताना मान खाली गेली.

वर्गासाठी

नावे शिकवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. सोलापुरातच जन्मलेल्या आणि २०२५ साली सोलापुरातच निधन पावलेल्या मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावे जमवण्यात किती कष्ट घेतले, ते ‘पक्षिकोश’ चाळला की कळते. पण नाव हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष असतो. निष्कर्ष चुकला किंवा बदलला तरी निरीक्षण हाताशी हवे. ह्यूमची कातडी उरली म्हणून ती पुन्हा तपासता तरी येतात. शाळेत कातडी जमवायची नसतात, तेव्हा आपल्या मुलांची वही हाच आपला संग्रह.

यंदा ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एक प्रयोग करून पाहा. प्रत्येक नोंदीत आधी तारीख, वेळ व जागा. मग आकार, रंग, चोच, शेपटी, आवाज आणि वागणे. नावाचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि तो पेन्सिलीने भरायचा. ‘माहीत नाही’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. पुढे कधी शास्त्रज्ञांचे मत पुन्हा बदलले, तर उपयोगी पडेल ती त्याचीच वही.