हायफी शैलीचा प्रसार आणि 'माय गेटो रिपोर्ट कार्ड'

इ. स. २००६ च्या मार्च महिन्यात 'ई-४०' या नावाने प्रसिद्ध असलेला कॅलिफोर्नियातील रॅप-गायक अर्ल स्टीव्हन्स याचा 'माय गेटो रिपोर्ट कार्ड' हा अल्बम प्रकाशित झाला आणि 'बिलबोर्ड'च्या राष्ट्रीय सूचीत तो एकदम तिसऱ्या क्रमांकावर आला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील 'हायफी' शैलीचा उदय या घटनेपासून मोजण्याचा मोह सहज होण्यासारखा आहे. परंतु तो आवरला पाहिजे. या अल्बमने शैली निर्माण केली नाही, तिला प्रदेशाबाहेर नेले. ही दोन कार्ये भिन्न असून त्यांचे कर्तेही भिन्न होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या उपसागराच्या काठी जहाजबांधणीचे प्रचंड काम निघाले आणि लुइझियाना, टेक्सस आदी दक्षिणी राज्यांतून आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबे ऑकलंड, रिचमंड व व्हॅलेहो येथे येऊन स्थायिक झाली. व्हॅलेहोजवळची मेअर आयलंड ही १८५४ साली स्थापन झालेली नौदलाची गोदी १९९६ मध्ये बंद झाली. हायफीचा काळ हा या उद्योगोत्तर वस्त्यांत वाढलेल्या पिढीचा काळ आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून तिच्यातील उन्मादाचा अर्थ लागत नाही.

'हायफी' हा शब्द ऑकलंडच्या कीक द स्नीक याने १९९४ मध्ये प्रथम योजला, असे सामान्यतः मानले जाते. अतिउत्साह, अंगात वारे शिरल्यासारखी चंचलता, असा त्याचा आशय. या वृत्तीचे रंगस्थळ सभागृह नव्हते, रस्ता होता. पूर्व ऑकलंडमध्ये रात्री चौक अडवून मोटारी गरगर फिरवण्याचे 'साइडशो' नामक मेळावे भरत. गाडी मंदगतीने चालू ठेवून चालकाने बाहेर पडावे व तिच्या बाजूने नाचत जावे, हा खेळ याच वातावरणातला. अशी वाहने ३० दिवस अडकवून ठेवण्याचा अधिकार २००२ च्या राज्य कायद्याने पोलिसांना दिला. म्हणजे ज्या प्रकारास कायदा उपद्रव मानीत होता, त्यालाच चार वर्षांनी राष्ट्रीय बाजारपेठ लाभली. संगीताच्या अंगाने पाहता निर्माता रिक रॉक व व्हॅलेहोचा मॅक ड्रे यांचे ऋण मोठे आहे. मॅक ड्रे मात्र हे यश पाहावयास राहिला नाही. १ नोव्हेंबर २००४ रोजी कॅन्सस सिटी येथे त्याची गोळ्या घालून हत्या झाली.

मग हे काम ई-४० याच्याकडेच का आले? उत्तर त्याच्या व्यवसायपद्धतीत सापडते. भाऊ, बहीण व चुलतभाऊ यांच्यासह 'द क्लिक' हा संच उभारून, 'सिक विड इट' या घरच्या संस्थेमार्फत त्याने ध्वनिफिती काढल्या आणि मोटारीच्या डिकीतून विकल्या. १९९४ मध्ये 'जाइव्ह' कंपनीशी करार झाला तेव्हा ग्राहक त्याने आधीच मिळवलेले होते. २००६ मध्ये तो ३८ वर्षांचा होता आणि कीक द स्नीक त्याच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान. तरुणांजवळ शैली होती, ज्येष्ठाजवळ पत होती.

परंतु प्रादेशिक पत राष्ट्रीय बाजारात पुरेशी ठरली नाही. अल्बम निघाला तो अटलांटाच्या लिल जॉनची 'बीएमई' संस्था व 'वॉर्नर' यांच्यातर्फे. लिल जॉनने स्वतः नुकतीच आपल्या शहराची 'क्रंक' शैली देशभर रूढ केली होती. कीक द स्नीकच्या साथीने गायिलेले 'टेल मी व्हेन टु गो' हे हायफीचे जणू ध्वजगीत. पण त्याची रचना या अटलांटावासीयाची, आणि तिच्यात वापरलेला तुकडा न्यूयॉर्कच्या रन-डीएमसीच्या १९८६ मधील 'डम्ब गर्ल'चा. प्रादेशिक शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यास हे अडचणीचे वाटेल. वस्तुतः रिक रॉकही मूळचा अलाबामाचाच! तथापि रिक रॉक तेथे राहून त्या मातीचा झाला, लिल जॉन पाहुणाच राहिला, हा भेद गौण नव्हे. हे गीत एकगीतांच्या सूचीत ३५ व्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच अल्बममधील 'यू अँड दॅट' हे टी-पेनचा सहभाग असलेले गीत १३ व्या क्रमांकावर पोहोचले, आणि त्यात हायफीचा अंश अगदीच थोडा. देशाने ई-४० स्वीकारला. हायफी कितपत स्वीकारली, हा प्रश्न या दोन आकड्यांनीच उभा केला आहे.

बाहेर गेली ती मुख्यतः शैलीची दृश्य अंगे: नाच, गाड्या, काही शब्द. शिकणाऱ्यास सूचना दिल्याप्रमाणे रचलेले ते गीत या कामास सोयीचेच होते. पुढे दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांचे लक्ष अन्यत्र वळले. २०१० च्या मार्चमध्ये ई-४० याने 'रेव्हेन्यू रिट्रीव्हिन' मालिकेचे दोन अल्बम एकाच दिवशी प्रकाशित केले, तेही पूर्वीप्रमाणे स्वतःच्याच संस्थेमार्फत.